तालासला निघालेला पाळणा

बुधवारी पहाटे पाच वाजता ओस्मोनालीने पाळणा पाठीवर घेतला आणि त्याला आपली सदुसष्ट वर्षे एकदम आठवली.

“जपून,” मागून त्याची बायको बात्मा म्हणाली. “तुमच्या आजोबांचा आहे तो.”

“आजोबांनी कधी पाठीवर घेतला होता का?”

“ते मला काय माहीत? मी आले तेव्हा ते गेलेले होते.”

“घेतला असणार,” ओस्मोनाली म्हणाला. “म्हणूनच गेले.”

पाळणा अक्रोडाच्या लाकडाचा. वर धरायला आडवा दांडा, खाली दोन बाकदार पाय. जमिनीवर ठेवून बोट लावले तरी डुलायचा. त्यात ओस्मोनालीचा बाप वाढला, तो स्वतः वाढला, त्याची सहा मुले वाढली. आता धाकटी नुरजामाल तालासला बाळंत झाली होती आणि बाळाला पाळण्यात घालायचा दिवस आज होता. आमच्याकडे पहिल्या बाळाचा पाळणा मुलीच्या आईने न्यायचा असतो. तालासच्या विहीणबाई कालिपा यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. तरी त्यांनी बाजारातून एक चकचकीत निळा पाळणा आणून ठेवला होता आणि फोनवर गोड आवाजात सांगितले होते, “तुम्ही या हो सावकाश. बस, बोट, पुन्हा बस, केवढा तो त्रास या वयात! सूर्य मावळायच्या आत पोचलात तर तुमचा पाळणा. नाहीतर आहेच आमचा.”

“या वयात, म्हणे,” बात्मा तीन दिवस हेच घोकत होती. “माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे ती.”

धरणाच्या घाटापर्यंत जाणाऱ्या बसचा ड्रायव्हर पाळणा टपावर टाकायला तयार होता. बात्मा तयार नव्हती. शेवटी तो बाकांच्या मधल्या वाटेत ठेवला. गाव सुटले, डांबर संपले, आणि पाळणा हळूहळू मान डोलवू लागला.

“अगं बाई!” मागच्या बाकावरची एक जाडजूड बाई ओरडली. “रिकामा पाळणा हलतोय!”

रिकामा पाळणा हलला की ज्याच्यासाठी तो असतो त्या बाळाचे पोट दुखते, आणि ते रात्र रात्र रडते, हे शेंबड्या पोरालाही माहीत असते. बात्माने ओस्मोनालीला कोपराने ढोसले.

“धरा ना तो! बघता काय?”

ओस्मोनालीने पाळणा दोन्ही गुडघ्यांत आवळला. पहिला खड्डा त्याने धरून ठेवला. दुसराही धरला. तिसऱ्या खड्ड्याला पाळणा त्याला घेऊन हलला.

ड्रायव्हरने गाडी थांबवली. “आपा, त्यात काहीतरी ठेवा बघू. रिकामा नसला म्हणजे झालं ना?”

“माझे बटाटे आहेत,” कोणीतरी म्हणाले.

“माझ्या नातवाच्या जागी बटाटे?” बात्मा कडाडली.

मग तिने आपल्या गाठोड्यातून एक गोल रोटी काढली, दुपट्यात गुंडाळली आणि पाळण्यात नीट निजवली. रोटी म्हणजे बरकत. सगळ्यांना पटले. गाडी निघाली. दहा मिनिटे सुखात गेली.

“पण काय हो,” मागची जाडी बाई पुन्हा म्हणाली, “रोटी जमिनीवर ठेवलीत तुम्ही. माणसांच्या पायांशी.”

हेही खरेच होते. रोटी खाली ठेवणे म्हणजे पाप. गाडी पुन्हा थांबली. पाळणा उचलायचा ठरला, पण ठेवायचा कुठे? शेवटी तो मागच्या बाकावर तिघांच्या मांड्यांवर आडवा बसवला. एका टोकाला ओस्मोनाली, मध्ये शाळेचे एक मास्तर, दुसऱ्या टोकाला ती बाई. त्यानंतर घाट येईपर्यंत ती बाई एकदाही ओरडली नाही. अक्रोडाचे लाकूड वजनाला चांगलेच असते.

घाटावर पोचायला तास उशीर झाला. उतरण्यापूर्वी मास्तर म्हणाले, “एवढा वेळ मांडीवर रोटी घेऊन बसलोय, तुकडा न मोडता कसं उठू?” त्यांचेही चूक नव्हते. समोर आलेली रोटी चाखल्याशिवाय आमच्यात कोणी उठत नाही. मास्तरांनी तुकडा मोडला, बाईने मोडला, मग ड्रायव्हर आला, मग बटाटेवाला. बोटीत चढताना पाळण्यात फक्त दुपटे होते, आणि धरणावर वारा सुटला होता.

बोट लहान होती आणि लाटा मोठ्या. पाळणा बोटीच्या मधोमध असा डुलायला लागला, जणू कोणी दोरी ओढते आहे. ओस्मोनालीने त्यात स्वतःची टोपी ठेवून पाहिली. कोणाचेच समाधान झाले नाही.

“आपा,” समोर बसलेली एक तरुण पोर संकोचून म्हणाली, “माझं ठेवू का? दुसरा काही मार्ग नसेल तर.”

तिचे नाव जीपार. कडेवर चार महिन्यांचा मुलगा होता, लालबुंद होऊन किंचाळत असलेला. बाळंतपणानंतर पहिल्यांदा माहेरी निघाली होती. माहेर पलीकडच्या घाटापासून अर्ध्या तासावर. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती.

“आण, आण!” बात्मा म्हणाली. तिने पोराला घेतले, निजवले, छातीवरून एक पट्टा बांधला, गुडघ्यांवरून दुसरा, दांड्यावर दुपटे टाकले. सहा मुलांचा हात तो. बोटीने दोन हेलकावे दिले आणि किंचाळणे मध्येच तुटले.

जीपार आ वासून बघत राहिली. “झोपला?”

“झोपला.”

“मेला तर नाही ना?”

“घोरतोय बघ.”

जीपारने बोटीच्या काठावर डोके टेकले आणि तीही झोपली. बोटीतले लोक कुजबुजत बोलू लागले. इंजिनाचा आवाज चढला की पोर भुवया आखडायचे, म्हणून सगळ्यांनी नावाड्याला खुणावले, हळू, हळू. नावाडी बिचारा बदकाच्या चालीने बोट हाकू लागला. बात्माने एकदा सूर्याकडे पाहिले, एकदा पलीकडच्या काठाकडे, आणि ओठ चावला. पोराला झोपवले तिनेच. आता तक्रार कोणाकडे करायची?

काठाला लागले तेव्हा तालासची बस सुटायच्या बेतात होती. जीपारला उठवले. ती पट्टा सोडायला वाकली. पोराचा खालचा ओठ थरथरला. तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला, दगडावर बसली आणि रडू लागली.

“तीन रात्री, आपा. तीन रात्री भिंतीला टेकून उभ्याने झोपलेय मी.”

“उचल म्हणावं,” ओस्मोनाली बायकोच्या कानाशी लागला. “बस जाईल.”

“तुम्ही उचला.”

“मी?”

“मग गप्प राहा.”

जीपारने डोळे पुसले. “मी येते ना तुमच्याबरोबर. वाटेत उठला की उतरते, मिळेल त्या गाडीने परत.” तिने आईला फोन लावला. “आई, मी तालासला चाललेय... नाही गं, भांडण नाही झालं. बाळ झोपलंय... म्हणजे बाळ झोपलंय म्हणूनच!”

तालासच्या ड्रायव्हरने निघताना सवयीने भोंगा वाजवला. बसमधली अठरा माणसे एकदम म्हणाली, “श्श्श!” त्याने पुन्हा भोंग्याला हात लावला नाही. खिंडीपर्यंत त्याचे काही अडले नाही. खिंडीत मेंढ्या लागल्या. उन्हाळी कुरणांकडे निघालेला कळप, रस्ता भरून, दिसेल तिथपर्यंत पाठीच पाठी. भोंगा न वाजवता मेंढ्यांना बाजूला करायचा उपाय अजून निघालेला नाही. ओस्मोनाली खाली उतरून, हात हलवून, दबक्या आवाजात “हुर्र, हुर्र” करत पुढे चालू लागला. एका मेंढीने वळून त्याच्याकडे पाहिले आणि चालणे आणखी हळू केले.

“मोठ्याने ओरडा की हो!” कळपवाला घोड्यावरून म्हणाला.

“बाळ झोपलंय,” ओस्मोनाली म्हणाला.

कळपवाल्याने टोपी काढली आणि तोही कुजबुजत मेंढ्या हाकू लागला. असा तास गेला. पलीकडच्या उतारावर पोर उठले, पोटभर प्याले आणि पुन्हा झोपले. तिथे ना गाव होते ना गाडी. जीपार उतरणार कुठे?

तालासच्या अंगणात पाय ठेवला तेव्हा सूर्य डोंगरापासून वीतभर वर होता. बात्माने तो स्वतः मोजला. नातलग जमले होते, चहाचा सामोवार वाफा टाकत होता, नुरजामाल बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. कालिपा फाटकाशी आली.

“आलात का! मला वाटलं, या वयात...” आणि तिची नजर पाळण्यात गेली. “हे काय? बाळ आमच्याकडे आहे, विहीणबाई. दुसरं कशाला आणलंत?”

अंगणात हशा पिकला. जीपार घाईने पुढे झाली. “घेते हं, आपा, घेते लगेच. तुमचा दिवस मोडायला नको.” तिची बोटे पट्ट्याच्या गाठीवर होती. तेवढे केले की झाले होते. दोन पट्टे सोडायचे, एक पोर उचलायचे, एक ठेवायचे, आणि कालिपाचा निळा पाळणा जन्मभर कोपऱ्यात.

बात्माने जीपारच्या डोळ्यांखालची वर्तुळे पाहिली आणि तिचा हात धरला.

“राहू दे. झोपलंय ते.” मग कालिपाकडे न बघता ती म्हणाली, “आणा तुमचा निळा.”

कालिपा आत गेली. पाळणा आणला, पण बाळ स्वतः घेतले नाही. “तुम्हीच घाला,” ती म्हणाली. “हात तुमचा चांगला आहे.”

बात्माने नातवाला निळ्या पाळण्यात ठेवले, सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवून ओमीन म्हटले. दुसरा पट्टा बांधून व्हायच्या आत नातू झोपला. बात्मा त्याच्या उशाशी बसली. पहिला चहा झाला, मटण झाले, दुसरा चहा झाला. ती कान देऊन होती. तो रडला नाही. नुसता कुरकुरलासुद्धा नाही.

“छान झोपलाय,” शेवटी ती म्हणाली, शेजाऱ्याच्या घोडीने शर्यत जिंकल्यावर म्हणतात तशी. मग तिने जीपारला जवळ बोलावले. “अक्रोडाचा तू ठेव. तुझ्या पोराला लागू पडलाय.”

जीपारला पुन्हा रडू आले. ओस्मोनालीलाही आले असते. कारण जीपारचे माहेर घाटाजवळ, म्हणजे पाळणा तिथवर पुन्हा त्याच्याच पाठीवर.

सकाळी निघताना बात्माने त्याला बाजूला घेतले. “तो निळा कुठून घेतला, विचारून या. मी नाही विचारणार. आपल्या चौथ्या मुलीला हिवाळ्यात बाळ होणार आहे, तिकडे नारीन गावात. तिचं पहिलंच. आपल्याकडे आता काहीच नाही न्यायला.”

कालिपाला विचारल्याचा फार आनंद झाला. नातू दूध पीत होता, म्हणून तिने पाळणा उलटा केला, दोन खटके दाबले, पाय दुमडले, दांडा आत सरकवला, आणि सगळे मिळून एका पिशवीत घातले. “बघा! बसमध्ये सीटखाली बसतो. वजन म्हणाल तर दोन किलो. इथंच बाजाराच्या तोंडाशी मिळतात, घेऊनच जा एक.”

ओस्मोनालीने ती पिशवी हातात घेतली. खूप वेळ तोलून पाहिली. त्याचे खांदे अजून ठणकत होते.

“एक सांगा, विहीणबाई,” तो म्हणाला. “असा घडी घातलेला, पिशवीतला, रिकामा. हा बसमध्ये हलला तर चालतो का?”

कालिपाचा चेहरा गंभीर झाला. “ते नाही बाई ठाऊक. जाणत्या कोणाला तरी विचारायला हवं.”

ओस्मोनालीने पिशवी परत दिली.

बसमध्ये तो मागच्या बाकावर बसला. मांडीवर अक्रोडाचा पाळणा, पाळण्यात जीपारचे पोर, शेजारी झोपलेली जीपार. बात्मा पुढच्या बाकावरून वळली. “काय म्हणाली?”

“शेवटचाच होता म्हणे.”

बस बाजाराच्या तोंडाशी वळली. रस्त्याच्या कडेला निळे, लाल, हिरवे पाळणे ओळीने मांडलेले होते. ओस्मोनालीने बात्माच्या खांद्यावरून हात लांब करून तिच्या खिडकीचा पडदा ओढला.

“ऊन येतंय,” तो म्हणाला. “बाळ झोपलंय.”