गळतीच्या अहवालात सतरा वेळा टक

"तोंड लाजतं, पेन लाजतं, अंगठा मात्र लाजत नाही!"

हे वाक्य डॉक्टरबाईंनी त्या आठवड्यात नऊ जणांना ऐकवलं होतं. त्यातल्या नवऱ्याला दोनदा, म्हणजे एकूण दहा वेळा.

बाई गोळ्या-औषधं देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. मानवी लैंगिकता आणि संस्कृती हा त्यांच्या संशोधनाचा विषय. तो सांगितला की समोरच्या माणसाचे दोनच प्रकार होतात, हे त्यांनी चौदा वर्षांत अनेकदा पडताळून पाहिलं होतं. एक खुर्ची मागे सरकवतो, दुसरा पुढे ओढतो. त्यांचा दातांचा डॉक्टर दुसऱ्या प्रकारातला निघाला, आणि बाईंच्या तोंडात चार बोटं घालून शंका विचारत बसला! आई तर नातेवाइकांना "ती आरोग्यातलं काहीतरी करते" एवढंच सांगे. त्यामुळे चार माणसं जमली की कुणीतरी आत्या किंवा मावशी आपला दुखरा गुडघा बाईंपुढे करी.

पण खरी डोकेदुखी होती ती प्रश्नावलीची. "दिवसातून किती वेळा मनात शृंगाराचा विचार येतो?" या साध्या प्रश्नाला पुरुष फुगवून आकडे लिहीत. बायका लिहीत, "सवड नाही." एका सद्गृहस्थांनी "आमच्याकडे नाही" असं लिहिलं होतं, जणू दारात विक्रेता आला होता!

म्हणून बाईंनी यंत्रं आणली. दारावर उभं राहून आत येणारी माणसं मोजतात ना, तसली मुठीत मावणारी. विचार आला, अंगठा दाबला, टक! आकडा एकाने पुढे. फोनवर मोजलं असतं तर कुणाचा फोन ते कळलं असतं. यात तीही भीती नाही. आवाजाची चाचणी बाईंनी घरी, स्वयंपाकघरात केली. पलीकडच्या खोलीतून नवऱ्याने "काहीही ऐकू येत नाही" असा निर्वाळा दिला. त्या वेळी मिक्सर चालू होता. तशी नोंदही बाईंनी वहीत केली होती. फक्त तिचा अर्थ लावायचा राहून गेला.

सोमवारी संस्थेच्या ग्रंथालयात एका खोक्यात तीस यंत्रं ठेवली गेली. ज्याला हवं त्याने न्यावं, शनिवारी आकडा लिहिलेल्या चिठ्ठीसकट परत टाकावं. नाव नाही, सही नाही. वर भिंतीवर मोठा कागद होता: 'शृंगाराचा विचार आला की दाबा.' आत दोन पानी सूचना, आणि तळाशी बाईंची सही: 'कोणत्याही परिस्थितीत, कोणालाही, तुमची ओळख कळू दिली जाणार नाही.' दुपारपर्यंत खोकं रिकामं! कुणी नेली, ते बाईंनाही ठाऊक नव्हतं.

गुरुवारी सभा होती. बाईंच्या केंद्राला, म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि एक न उघडणारं कपाट यांना, आणखी तीन वर्षं द्यायची की टाळं ठोकायचं, हे तिथे ठरणार होतं. टाळं लागलं तर खोली कुणाला जाणार हेही ठरल्यातच जमा होतं. इमारतीची देखभाल बघणारे अधिकारी तिच्यावर कधीचे डोळा ठेवून होते. त्यांना तिथे पाइप ठेवायचे होते. या गृहस्थांना सगळे मागे गळतीसाहेब म्हणत. चोपन्न वर्षांचे, टक्कल घासून ठेवलेल्या पातेल्यासारखं, आणि आवाज असा की ऐकताना आपणच हळूहळू झिरपून जावं.

समितीच्या अध्यक्षा मूळच्या मातीच्या शास्त्रज्ञ. जे चाळणीतून चाळता येत नाही त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. लांब लाकडी टेबलाभोवती अकरा माणसं. खोलीत इतकी शांतता की कुणाच्या पोटात गुरगुरलं तरी इतिवृत्तात यावं.

गळतीसाहेब उभे राहिले. "उत्तरेकडच्या गच्चीवरील टाकीचा व्हॉल्व्ह..."

टक!

डॉक्टरबाईंना एकदम घरचा मिक्सर आठवला.

"...गेल्या मार्चपासून निकामी असून..."

टक!

"...तळमजल्यावरील प्रसाधनगृहात ओल..."

टक! टक!

आवाज टेबलाखालून येत होता, पण लाकूड एवढं पोकळ की तो अकराही जणांच्या मांडीवरून आल्यासारखा वाटे. बाईंनी मान खाली घातली. कुणीतरी खोकलं. गळतीसाहेब मात्र मोऱ्यांपासून गटारापर्यंत शांतपणे वाहत गेले. अध्यक्षा कागदावर पेन्सिलीने बारीक रेघा ओढत होत्या.

अहवाल संपला. पेन्सिल खाली ठेवली गेली.

"सतरा," अध्यक्षा म्हणाल्या. "सतरा वेळा टक झालं. काय आहे ते?"

शेवटी लेखनिक चाचरत म्हणाली, "मॅडम, ते... ग्रंथालयातलं यंत्र असावं. मनात, म्हणजे, शृंगाराचा विचार आला की..."

"गटाराच्या अहवालावर?"

सगळ्यांच्या नजरा गळतीसाहेबांवर खिळल्या. आयुष्यात पहिल्यांदाच! त्यांनी नकळत शर्टाची कॉलर सरळ केली.

"कोण आहे?" अध्यक्षांचा आवाज चढला. "कामाच्या वेळेत? सगळ्यांनी खिसे आणि पर्सा टेबलावर रिकाम्या करा. आत्ता!"

एक पर्स उघडलीसुद्धा. बाईंच्या डोळ्यांपुढे दोन पानी सूचनेखालची स्वतःची सही उभी राहिली. आता एक नाव उघडं पडलं की चौदा वर्षांची पत संपली. मग तीन वर्षं काय, तीस वर्षं मिळाली तरी कुणी चिठ्ठीवर खरा आकडा लिहिणार नाही. पण खोटं बोलणं हेही बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्या उभ्या राहिल्या.

"मॅडम, खिसे नकोत. यंत्र माझं आहे."

हे शंभर टक्के खरं होतं. तीसही यंत्रं त्यांच्याच नावावर होती. पण लोकांनी खरं ऐकलं आणि त्यांना हवं ते समजून घेतलं. टेबलाभोवती "अगं बाई!" अशी एक लाट फिरली.

अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं, गळतीसाहेबांच्या टकलाकडे पाहिलं, पुन्हा बाईंकडे पाहिलं. मातीच्या नमुन्यात मोती सापडावा तसा त्यांचा चेहरा झाला.

"मला वाटत होतं, या विषयात मोजता येण्यासारखं काही नसतं," त्या सावकाश म्हणाल्या. "यंत्र चालतं, हे समितीने स्वतःच्या कानांनी ऐकलं. आणि संशोधक स्वतःचा आकडाही लपवत नाही. तीन वर्षं मंजूर. खोलीबद्दल कुणाची हरकत?"

"माझी नाही," गळतीसाहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पाइप... पाइप काय, जिन्याखालीही राहतील."

संध्याकाळी घरी नवरा दारातच हसत उभा.

"तुमचे गळतीसाहेब मला फोनवर सभेतलं सगळं सांगून म्हणतात, 'वहिनींना जपा. त्या सध्या भावनिक ओढाताणीत आहेत.' खरं दाबणारं कोण होतं गं?"

"सांगता येणार नाही."

"म्हणजे तू नव्हतीस!"

"तेही सांगता येणार नाही."

"अगं, सांगायला कशाला हवं? तू असतीस तर आधी त्यांच्याकडून संमतिपत्र भरून घेतलं असतंस, तेही तीन प्रतींत!"

शनिवारी यंत्रं परत आली. बाई एकेक चिठ्ठी उघडून आकडे मांडत गेल्या. बाविसाव्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'गुरुवारी सभेत सतरा. सूचना लांब होती म्हणून वाचली नाही. वरच्या कागदापुढे कुणीतरी उभं होतं, तोही दिसला नाही. कंटाळा आला की दाबायचं, असंच ना? अंगठा दुखला.'

बाईंनी तो आकडा खोडला, शेजारी 'अग्राह्य' असं लिहिलं आणि तेविसावी चिठ्ठी उघडली.

सोमवारी दारावर टकटक झाली. गळतीसाहेब! नवा शर्ट, हातात टोपी.

"बाई, स्पष्टच बोलतो. तुमच्या भावनांचा मी आदर करतो. पण मी संसारी माणूस आहे. दोन मुली आहेत."

नाही म्हणावं, तर दुसरं कोण होतं याचा शोध सुरू होणार. हो म्हणावं, तर ते खोटं. बाई म्हणाल्या, "तुम्ही फार समजूतदारपणे घेतलंत."

"घ्यावंच लागतं." ते गेले नाहीत. टोपी या हातातून त्या हातात गेली. "एक अडचण आहे. घरी हिला सगळं सांगितलं. लपवाछपवी नको म्हणून."

"रागावल्या का?"

"हसतेय! गुरुवारपासून हसतेय! जेवताना ठसका लागतो तिला. मुलींनाही सांगितलं, त्याही हसतात. बाई, सव्वीस वर्षांत त्या घरात माझ्याकडे कुणी... म्हणजे गळती मी थांबवतो, बल्ब मी बदलतो, पण..." त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "तुम्ही एक चार ओळी लिहून द्याल का? संस्थेच्या कागदावर? सतरा वेळा, एवढंच लिहा. बाकी काही नको."

डॉक्टरबाईंना एकाएकी त्या माणसाची फार माया आली. त्यांना खरं काय ते माहीत होतं, आणि ते सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं. आता प्रश्न एकट्या वचनाचा राहिला नव्हता. त्यांनी गुरुवारच्या इतिवृत्ताची प्रत काढली. 'देखभाल अधिकारी अहवाल वाचत असताना यंत्र सतरा वेळा वाजले. यंत्र आपले असल्याचे संशोधकांनी सांगितले.' अक्षर न् अक्षर खरं! खाली अध्यक्षांची सही आणि शिक्का. गळतीसाहेबांनी तो कागद दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून नेला.

मंगळवारी ते जिन्यात भेटले. शर्ट जुनाच होता.

"दाखवलंत?" बाईंनी विचारलं.

"दाखवलं. चष्मा लावून दोनदा वाचलं तिनं. शिक्कासुद्धा उजेडात धरून बघितला. हसणं थांबलं एकदम."

"मग? काय म्हणाल्या?"

गळतीसाहेबांनी सुस्कारा सोडला.

"म्हणाली, यंत्र बिघडलंय त्यांचं. तुम्हीच जरा बघून द्या."