पडद्यावरचा टुकान

ऐक ना, आधी नुसतं ऐक, हसायचं ते नंतर हस. आपल्या येइनेरने शेवटी गाणं केलं. चम्पेता, आपल्या किनाऱ्यावरचं नाचाचं गाणं, पाय थांबणारच नाहीत असं. आणि ओबेदकाकांनी शब्द दिला, रविवारी आपल्या पिकोवर वाजवतो म्हणून. 'चिडका खेकडा' रंगवलेली ती स्पीकरची भिंत, जिच्यापुढे अख्खी वस्ती नाचते, तिच्यावर! काका एवढंच म्हणाले, "आता मी पडदा पण घेतलाय, तर व्हिडिओ आण. आणि गाणं फक्त खेकड्याचं. दुसऱ्या पिकोवर ऐकू आलं तर मी तुला ओळखत नाही."

येइनेरची आई नेल्सी मावशी म्हणाली, "नाही वाजलं तर सोमवारपासून मामाच्या मासळीच्या गाड्यावर जायचं." तिने रबरी बूटसुद्धा आणून ठेवले होते.

शूटिंग मी केलं, मोबाईलवर, धक्क्यावर जाऊन. झकास झालं. आता ते कापायचं, जोडायचं, तालावर बसवायचं, म्हणजे सॉफ्टवेअर आलं. एक होतं ते दर महिन्याला पैसे मागणारं, वर बँकेचं कार्ड मागणारं. येइनेरकडे कार्ड कुठलं, बसचं तेवढं. दुसरं बाजारात पेनड्राइव्हवर मिळालं, नाश्त्याच्या दोन अंडा-अरेपांच्या भावात. ते उघडलं आणि लॅपटॉप रशियन बोलायला लागला. मग सापडलं टुकान. फुकट. सगळं यायचं त्यात. फक्त तयार व्हिडिओवर मधोमध लांब चोचीचा टुकान पक्षी बसायचा, खाली ठळक नाव. पैसे भरले की उडतो.

मी म्हटलं, "अरे, हा फार दिसतोय."

"दिसू दे. लोक मला बघणार की पक्ष्याला?"

रविवारी गाणं लागलं. लोक नाचायला लागले. पडद्यावर येइनेर गातोय आणि बरोब्बर नाकावर टुकान. ओबेदकाकांनी एकदा वर बघितलं आणि आवाज बंद केला.

"हा टुकान नावाचा पिको कुणाचा?"

"पिको नाही काका, ते सॉफ्टवेअरचं..."

"मला शिकवतोस? गाण्यावर आपलं चित्र नि नाव पिकोवालेच टाकतात, मला माहीत नाही? माझ्या आधी कुणाला विकलंस?"

येइनेरने घाईघाईने मोबाईलवर टुकानचं ॲप उघडून दाखवलं. काकांचा चेहरा आणखी पडला. "ॲप पण काढलंय त्यांनी? मोठी पार्टी दिसते."

तोवर गर्दीत सुरू झालं. "टुकान म्हणजे सोलेदाद गावचा पिको ना?" "छे, कार्ताखेनाचा. मी ऐकलाय. बेस असला, की छातीतला कफ सुटतो."

घरी मावशीने बूट पुढे केले. येइनेरने ते घातले नाहीत, दुकानात परत केले. त्या पैशात माझे थोडे घालून, माझ्या भावाच्या कार्डावरून टुकान पूर्ण विकत घेतलं. पक्षी उडाला. सकाळी सकाळी काकांच्या दारात.

"बघा काका, आता कुण्णाचं नाव नाही."

काकांनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला, मिशीवरून हात फिरवला. "घाबरले. नाव काढून घेतलं. पण असं पळून चालणार नाही. सांग त्यांना, येत्या रविवारी समोरासमोर. इकडे माझी भिंत, तिकडे त्यांची. मी जिंकलो की गाणं माझं, रोज वाजवतो."

"काका, पण ते आहेतच कुठे..."

"ते आले नाहीत, तर गाणं कचऱ्यात."

दुपारपर्यंत भिंतींवर पोस्टर लागली, खेकडा विरुद्ध टुकान. तिकिटं संपलीसुद्धा. संध्याकाळी एक बाई, टुकान येइनेरच्याच ओळखीचा असं समजून, मावशीकडे येऊन गेली, मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला टुकानच हवाय, खेकडा नको, तो जुना झाला. मावशीने तारीख घेतली आणि पोराला म्हणाली, "गाड्याचं राहू दे. आधी हे बघ."

आणि आत्ता, मी इथे तुझ्याशी बोलतेय ना, येइनेर आमच्या अंगणात जुन्या कपाटाला स्पीकर ठोकतोय, आणि चोच कुठल्या रंगाची असते ते विचारून मला हैराण करतोय. खरं सांग, तू असतीस तर काय केलं असतंस? काकांना समजावत बसली असतीस, की पिवळा रंग आणला असतास?