दोन बोटांचे अंतर

थेरगावच्या तालमीत तीस वर्षांत एकाही मुलाचे डोके फुटले नाही, ही गंभीर बाब १९५५ साली व्यायाम मान्यता मंडळाच्या नजरेस आली. मंडळाने विचार केला. जिथे लाठी शिकवतात तिथे डोकी फुटायला हवीत. ती फुटत नसतील तर शिकवणी खोटी असली पाहिजे. आणि शिकवणी खरी असेल, तर डोकी आज ना उद्या फुटणारच, म्हणजे ती धोक्याची. चौकशी दोन्ही बाजूंनी आवश्यक ठरली. निकाल विरुद्ध गेल्यास आखाडा बुजवून, पिंपरीच्या नव्या कारखान्यात जाणाऱ्यांसाठी तिथे सायकल स्टँड करावे, असाही ठराव झाला.

धर्माजी वस्तादांची पद्धत साधी होती. ते लाठीच्या टोकाला चुलीतली राख लावीत. "वार असा यावा की समोरच्याच्या पोटात गोळा उठला पायजे," ते मुलांना सांगत, "आन् कपाळापासून दोन बोटांवर थांबला पायजे. मारायचं कुणालाबी येतं, बाळांनो. थांबायचं शिकायलाच तालीम लागती." ज्याच्या लाठीची राख दुसऱ्याच्या कपाळाला लागे, त्याने आपली भाकरी त्याला द्यायची. वस्तादांची नात शकू हिने सुरुवातीला पुष्कळ भाकऱ्या गमावल्या होत्या. आता तिची भाकरी कुणाच्या वाट्याला येत नसे.

मंडळाकडून दोन साहेब आले. दौलतराव सुरक्षितता पाहत, उद्धवराव वास्तवता पाहत.

"दोन बोटं?" दौलतरावांनी विचारले. "कुणाची?"

"माझीच की."

"ती मंडळाने मंजूर केलेली नाहीत."

दौलतरावांच्या सूचनेवरून लाठ्यांना कापूस गुंडाळला. कापूस विसकटतो म्हणून वर गोणपाट शिवले. गोणपाट खरखरते म्हणून त्यावर पुन्हा कापूस आला. शेवटी एक लाठी उचलायला चार मुले लागू लागली आणि वार करण्यापूर्वी त्यांना दम खायला बसावे लागे.

उद्धवरावांनी नाक मुरडले. "वस्ताद, तुमच्या गावात कुणी कुणावर गादी घेऊन धावून जातं का?"

"न्हाई, साहेब."

"मग यात वास्तवता कुठे आहे? हत्यार खोटं असेल, तर वैर तरी खरं पाहिजे."

मुलांची एकमेकांशी दोस्ती होती, हा मोठाच अडथळा निघाला. त्यावर उपाय म्हणून ज्यांच्या बापांचे बांधावरून भांडण होते, अशांच्या जोड्या लावल्या. दोन दिवसांत ती मुले एकाच चिंचेखाली चिंचा चोखताना सापडली. त्यांना बेशिस्तीबद्दल समज देण्यात आली.

पुढे उद्धवराव म्हणाले की खरा हल्ला न सांगता होतो. दौलतराव म्हणाले की न सांगता झाला तर कुणी दचकून पडेल. अखेर तडजोड झाली. अकस्मात हल्ला दर मंगळवारी चार वाजता होईल, अशी पाटी तालमीच्या दारावर लागली. सणवार आल्यास अकस्मात हल्ला बुधवारी.

धर्माजी हे सगळे सोसत होते. आखाड्याची माती त्यांनी स्वतः चाळून भरली होती, आणि पोरांनी सायकलींमध्ये कुठे खेळावे हे त्यांना सुचत नव्हते.

"एक उणीव राहिलीच," उद्धवराव एके दिवशी म्हणाले. "कुणाला मार बसत असला की आपल्याकडे गर्दी जमते. उभी राहते. बघते. ती कुठे आहे?"

मंडळाने तालमीसाठी बघे नेमायचे ठरवले. दुसऱ्याच दिवशी दारासमोर रांग लागली. पिंपळे गुरवहूनसुद्धा माणसे आली.

"साहेब, ह्यांना शिकवायचं काय?" धर्माजींनी विचारले.

"काही नाही. ते तयार होऊनच आले आहेत."

दौलतरावांनी बघ्यांपुढे फक्त एक दोर बांधून घेतला.

मंडळाने ठरवलेल्या परीक्षेच्या मंगळवारी मैदान भरून गेले. पावणेचार वाजले होते. चार मुले लाठी लोटत आणत होती. इतक्यात दोरापलीकडे भुईमुगाच्या शेंगा विकणाऱ्या गवराबाईंच्या गळ्यातली बोरमाळ एका माणसाने हिसकली आणि तो आखाड्यातून पळत सुटला.

"धरा रं मेल्याला!" गवराबाई किंचाळल्या.

बघ्यांनी अचूक काम केले. एकजण "अरेरे" म्हणाला. दुसरा म्हणाला, "पोलीस कधी वेळेवर येतात का, राव?" मागून आवाज आला, "पुढचे खाली बसा, आम्हाला दिसंना!"

शकूने गादी झालेल्या लाठीकडे पाहिलेसुद्धा नाही. गवराबाईंची टेकायची काठी उचलून ती चोराच्या आडवी झाली. काठी सणसणत आली आणि त्याच्या कपाळापासून दोन बोटांवर थांबली. चोर मटकन खाली बसला. बोरमाळ त्याने स्वतःच पुढे केली.

धर्माजींनी चोराचे कपाळ निरखले. घाम होता, ओरखडा नव्हता. त्यांना एवढा आनंद कधी झाला नव्हता.

"वेळेआधीच! आणि बिनकापसाची काठी!" दौलतराव ओरडले. "नापास."

उद्धवराव चोराजवळ गेले. "तुला लागलं का?"

"न्हाई, साहेब. पर जीव गेलाच हुता माझा."

"लागलं नाही, म्हणजे हल्ला वास्तव नाही. नापास."

"आवो, माळ मिळाली की बाईची!" धर्माजी कळवळून म्हणाले.

"तो विषय अभ्यासक्रमात नाही," दोघे एकदम म्हणाले.

साहेबांचे एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. दुसरी लगेच आली. बघ्यांपैकी कुणालाही इजा झाली नव्हती, म्हणजे सुरक्षितता पूर्ण. आणि चोरी होताना लोक वागतात तसेच ते वागले होते, म्हणजे वास्तवताही पूर्ण. असा मेळ मंडळाने कुठल्याच तालमीत पाहिला नव्हता. बघ्यांना पहिला वर्ग देण्यात आला आणि तालमीला बघे प्रशिक्षण केंद्र म्हणून कायम मान्यता मिळाली.

बघे फार लांबून सायकलींवर येत. त्यांची गैरसोय होऊ नये म्हणून आखाडा बुजवून तिथे सायकल स्टँड केले. धर्माजी आता पवनेच्या काठी, वाळूत, मुलांच्या लाठ्यांना राख लावतात. शकू धाकट्यांच्या भाकऱ्यांवर लक्ष ठेवते.

केंद्राची परीक्षा घरबसल्याही देता येते. प्रश्न एकच असतो. गवराबाईंची बोरमाळ हिसकली गेली तेव्हा आपण काय केले?

पुढची ओळ वाचली.

अभिनंदन. आपणही पहिल्या वर्गात आहात.