बसतं, पण धरत नाही

मोघे काकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, थ्रेड गेज असतं. चाकूसारखी बारीक पाती, प्रत्येक पात्याला करवतीचे दात. बोल्टच्या आट्यांवर एकेक पातं ठेवायचं, उजेडाकडे धरायचं, आणि फटीतून उजेड दिसला नाही की बोल्ट कुठल्या जातीचा ते ठरलं. इंग्लंडात रीडिंगला मी त्यांच्या शेजारी राहायला आले त्या दिवशी माझ्या पलंगाचा एक बोल्ट हरवला होता. काकांनी पलंगाचाच दुसरा मागून घेतला, जाडी मोजली, पाती फिरवली आणि घरात उंदीर दिसल्यासारखे ओरडले, "मेट्रिक! मिलिमीटरवाला!"

मग माझ्याकडे वळले. "आडनाव काय म्हणालीस?"

"मेश्राम."

"म्हणजे नागपूर का?"

"हो."

"अच्छा."

हे "अच्छा" मी लहानपणापासून ओळखते. त्या बोल्टचं माप घ्यायला काकांना दोन मिनिटं तरी लागली होती. माझं घ्यायला तेवढीही लागली नाहीत. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी अचूक मापाचा बोल्ट घेऊन ते दारात उभे होते, आणि पलंग स्वतः जोडून देऊन चहा न घेता गेले. माणूस सरळ वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

काका मूळचे पुण्याचे. विमानाचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस होते. रिटायर झाले आणि तपासायला काही उरलं नाही, म्हणून घरामागच्या गॅरेजमधली साठच्या दशकातली इंग्लिश गाडी तपासत बसले. ती गाडी म्हणजे एक संस्थानच. इंजिनाला यूएनएफ नावाचे अमेरिकन आटे, कार्ब्युरेटरला जुने ब्रिटिश आटे, वायरिंगच्या चिमुकल्या स्क्रूंना तिसरेच. त्यात आधीच्या मालकांनी हाताला लागेल ते कोंबलेलं. "मेट्रिक एम-आठ आणि पाच-सोळांश इंच," काका सांगत, "डोळ्याला जाडी सारखीच. गाढवाने जोर लावला की जातोही आत. पण भोकाचे आटे मेले ना!" एका गॅरेजवाल्याने हा प्रकार त्यांच्या गाडीत केला, तेव्हापासून काका त्याच्या दुकानासमोरून जाताना रस्ता ओलांडतात.

त्यांचं लाडकं वाक्य एकच: "बसतं, पण धरत नाही." जुने ब्रिटिश विटवर्थ आणि अमेरिकन यूएनसी या दोन जातींचे आटे बऱ्याच मापांत इंचाला सारखेच असतात, पण एकाचा कोन पंचावन्न अंशाचा, दुसऱ्याचा साठ. नट फिरतो, बसतोही, पण पुढे दगा देतो. हे वाक्य काका कशालाही लावत. कौन्सिलने दिलेल्या नव्या कचऱ्याच्या बिनचं झाकण, माझा मॅनेजर, व्हिसावर आलेली सॉफ्टवेअरवाली पोरं, सगळं बसतं, पण धरत नाही. काकू म्हणायच्या, "माझा गुडघा दुखला तर म्हणतात बाम लाव. गाडीचा नट कुरकुरला तर जेवण जात नाही यांना!" मी हसायचे. नंतर काकूंनीच लग्नाची गोष्ट सांगितली आणि माझं हसू आटलं.

काकांचा मुलगा निखिल. त्याने प्रज्ञाशी लग्न केलं. प्रज्ञा नागपूरची, आमच्यातली, लंडनच्या बँकेत नोकरीला. लंडनमधल्या इल्फर्डच्या हॉलमध्ये रिसेप्शन होतं. नागपूरहून आलेली प्रज्ञाची आई पेढ्यांचं ताट घेऊन व्याह्यांसमोर आली. काकांनी पेढा घेतला आणि चार लोकांत म्हणाले, "तुमची मुलगी विटवर्थ, आमचा मुलगा यूएनसी. बसतं हो, पण धरत नाही."

त्या माउलीला विटवर्थ काय ठाऊक! पण काय म्हटलं गेलं ते तिला कळलं. आमच्या लोकांना हे कळायला गेज लागत नाही. निखिल त्यानंतर या घराची पायरी चढला नाही. मुलगी झाली, मैत्रेयी, तिला आजोबांनी फक्त फोटोत पाहिलं. काकू शनिवारी ट्रेनने इल्फर्डला मुलाकडे जात आणि रविवारी परत येत. त्यांना स्टेशनवर सोडायला काका, त्याच गाडीतून.

मी एकदा गॅरेजमध्ये जाऊन तोंडावरच विचारलं, "काका, तुम्हाला जातच म्हणायची होती ना?"

ते बोल्ट पुसत होते. "हो," म्हणाले. सारवासारव केली असती तर मी भांडले असते. 

तेव्हाच गाडीच्या मागच्या सीटकडे माझं लक्ष गेलं. मूळ गाडीला मागे सीटबेल्टचे पट्टे नव्हतेच. काकांनी खालून जाड पत्रे लावून, नट वेल्ड करून पट्टे बसवले होते, आणि त्यांत लहान मुलाची बूस्टर सीट, कंपनीच्या प्लास्टिकसकट. भिंतीशी आणखी दोन सीट होत्या, एक तान्ह्या बाळाची, एक त्याहून मोठी. त्यांचंही प्लास्टिक निघालेलं नव्हतं. काकू इल्फर्डहून येऊन "पोर वाढलं हो," म्हणाल्या की काका पुढच्या मापाची सीट आणत.

"पट्ट्याचा बोल्ट सात-सोळांश इंच, यूएनएफ," काका म्हणाले. "जपानी गाडी घे, जर्मन घे. बाकी सगळी मेट्रिक असेल, पण पट्ट्याला बहुतेक हाच. जीव वाचवायचा म्हटल्यावर जगाने भांडण ठेवलं नाही."

"हे तुम्हाला आत्ता कळलं?" माझा आवाज चढला. "मग फोन करा प्रज्ञाला. चुकलो म्हणा."

"आधी गाडी पूर्ण होऊ दे. अजून मागच्या ब्रेकचा एक बोल्ट ओळखायचाय."

असा एक बोल्ट कायमच राहायचा. मी तर म्हणते, ते राहू द्यायचे.

मग एका रविवारी रेल्वेचं काम निघालं, ट्रेनच्या जागी बस सोडल्या, आणि काकूंच्या गुडघ्याची दया येऊन प्रज्ञाच त्यांना गाडीने सोडायला आली. बरोबर मैत्रेयी. मी कुंपणाशीच होते. काका हातात गेज घेऊन गॅरेजबाहेर आले आणि तिथेच थांबले. शेवटी त्यांनी आपल्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि नातीला म्हणाले, "बघ. तुझी जागा."

मैत्रेयीने डोकावून पाहिलं. "पण आजोबा, मला आता बूस्टर नाही लागतो. माझा हाइट एकशे छत्तीस सेंटिमीटर झाला. स्कूलमध्ये मोजला."

एकशे पस्तीसच्या वर सीट लागत नाही, हा इथला कायदा काकांना पाठ होता. ते प्लास्टिककडे बघत राहिले.

प्रज्ञा पुढे आली. तिने मागचा पट्टा धरून जोरात हिसका दिला, मग आणखी एकदा. "हे कुणी बसवलं?"

"मी."

"घट्ट आहे," ती म्हणाली आणि जरा थांबली. खरंच थांबली, मी पाहिलंय.

काकांचे ओठ हलले. मला वाटलं, आता 'चुकलो' म्हणतील. "तुमच्या गाडीलासुद्धा," काका म्हणाले, "हाच बोल्ट असतो."

"चल मैत्रेयी, एम-ट्वेंटीफाइव्ह हायवेला ट्रॅफिक लागेल," प्रज्ञा म्हणाली. काकू "अगं चहा तरी" म्हणेपर्यंत गाडी वळलीसुद्धा.

काकांनी बूस्टर सीट काढून कुंपणावरून माझ्याकडे दिली. "तुमच्या कुणाला लागली तर."

"काका, ती थांबली होती."

"बघितलं मी." गेजची पाती ते उघडत होते, मिटत होते. "आता फोन केला तर उचलेल का गं?"

"बोल्ट सोडून बोलणार असाल तर उचलेल."

मला त्यांची चीड आली होती, आणि कीवही येत होती. दोन्ही खरं आहे. त्यांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली आणि पाठ फिरवून निघाले. घरात फोनपाशी जातील म्हणून मी बघत राहिले. ते गॅरेजमध्ये गेले.