आरतीच्या ताटातला पासपोर्ट

कीर्तनाची आरती लागलेलं काम अडत नाही, हा माझा अनुभव आहे. दिंडोशीच्या आमच्या देवळात मी सगळ्यांच्या वस्तू आरतीच्या ताटात ठेवून घेते. लग्नपत्रिका, दहावीचं हॉलतिकीट, एकदा तर गुडघ्याचा एक्स-रेसुद्धा! त्यामुळे नेत्राच्या व्हिसाचं टेन्शन मी घेतलंच नव्हतं.

नेत्रा माझी मुलगी, नर्स आहे. जर्मनीतल्या एका इस्पितळाने तिला नोकरी दिली होती. आधी वर्क व्हिसा, मग तिकडे गेल्यावर राहण्याचा परवाना. त्या दुपारी व्हिसाच्या ऑफिसात तिची वेळ होती. ती हुकली असती, तर पुढची मिळेपर्यंत नोकरी दुसरीला!

ती आंघोळीला गेली तशी मी कपाटातून पासपोर्ट काढला, पदराखाली धरला आणि सकाळच्या कीर्तनाला हजर. आरतीच्या ताटात फुलांखाली सरकवून दिला. ताट फिरून आलं की उचलायचा, सोपं काम. पण बुवांनी शेवटचा अभंग असा धरला, की माझे डोळेच मिटले. उघडले तेव्हा ताट रिकामं. ते पुसत बसलेल्या सरूबाईंना विचारलं,

"सरूबाई, यातलं सामान कुठे गेलं?"

"जाईल कुठे? नारळ, फुलं सगळं बुवांच्या झोळीत ओतलं. दरवेळी ओततो ना?"

"आणि बुवा?"

"वर्सोव्याला गेले. कोळीवाड्यात दुसरं कीर्तन आहे."

नेत्राला फोन करायची छाती होईना. रिक्षा पकडली.

"दादा, पळव. मुलीची नोकरी जातेय."

"मावशी, मी पळवतो. सिग्नलला तुम्ही सांगा."

वर्सोव्याला वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून धावत मांडवात शिरले, तर बुवा ऐन रंगात. पुढे निघाले, तोच एका कोळणीने हात धरून खाली बसवलं.

"बस गो बाय. कीर्तनात मधीच फिरायचा नाय."

बसावंच लागलं. आमच्या देवळात हा नियम मीच लावते.

बुवांनी घाम पुसायला झोळीत हात घातला. रुमालाऐवजी पासपोर्ट आला. दुसरा कोणी गडबडला असता. बुवांनी तो उंच धरला.

"माउली, आपण सगळे इथे व्हिसावर आलोय. मुदत किती, ते त्या वरच्यालाच ठाऊक. मग पाहुण्याने यजमानाच्या घरी भांडत बसावं का?"

अहाहा! मी रडले, टाळ्या पिटल्या, गजरात सूर मिसळला. नेत्रा, जर्मनी, दुपारची वेळ, सगळं विसरले!

तेवढ्यात बुवांनी पासपोर्ट उघडला. "आता हा चेहरा बघा. फोटो काढताना समोर यमदूत उभा असावा." त्यांची नजर माझ्यावर आली, परत फोटोवर गेली. "अरे, ही माउली तर इथेच बसलीय!"

अख्खा मांडव वळला. पासपोर्ट माझा होता. लेकीला भेटायला जाता यावं म्हणून तिच्याबरोबर हौसेने काढलेला.

कीर्तन संपल्यावर, दुपार उलटताना बाहेर येऊन नेत्राला फोन लावला.

"आई, आहेस कुठे? माझे बोटांचे ठसेसुद्धा देऊन झाले."

"आणि तुझा पासपोर्ट?"

"तो रात्रीच बॅगेत टाकून उशाशी ठेवला होता. तू ओवाळायला नेशील, माहीत नव्हतं का मला?"

व्हिसा आला, नेत्रा गेली. परवा तिकडचा परवानाही मिळाला. "आता तू ये," म्हणते. मी तयारच आहे. फक्त माझा पासपोर्ट तिने जाताना कुलपात ठेवलाय आणि किल्ली दिलीय तिच्या बाबांकडे. आमच्या घरात कीर्तनाला न येणारे ते एकटेच.