शिळादेवांची सेवाज्येष्ठता

एका जंगलात, बाळांनो, शिळादेवाच्या भक्तांनी चालवलेली एक शाळा होती. शिळादेव म्हणजे वडाखालचा शेंदूर फासलेला धोंडा. दचकू नका, तो काही करत नाही. सगळी गोष्ट त्यामुळेच घडली.

शाळेला फी होती, पिल्लामागे महिन्याला टोपलीभर जांभळं. शिवाय सिंहाच्या दरबारातून शिक्षकांच्या पगाराचं अनुदान येई. नियम सोपा होता, तीस पिल्लांमागे एक शिक्षक. पिल्लं साठ आणि शिकवायला एकटी साळुंकीबाई. ती या फांदीवर पाढे सांगायची आणि उडून त्या फांदीवर कविता.

तिने शाळेचे चालक कासवमहाराज यांच्याकडे दुसरा शिक्षक मागितला. महाराज म्हणाले, देव आहे की. त्यांनी शिक्षकांच्या हजेरीपटावर शिळादेवांचं नाव घातलं. देवांचा पगार नैवेद्य म्हणून तेच घेऊ लागले.

मग देवाला छत्र करायचं म्हणून महाराजांनी फी दुप्पट केली. सशांनी, खारींनी पिल्लं काढून घेतली. पटावर उरली तीस.

लगोलग मुंगूससाहेब तपासणीला आले. पिल्लं मोजली, शिक्षक मोजले आणि एक शिक्षक अतिरिक्त ठरतो म्हणाले.

साळुंकीबाईला घरटं आठवलं. घरट्यात चार पिल्लं, आणि पगार तिचा एकटीचा.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "दुसरे शिक्षक धोंडा आहेत."

"बाई, सहकाऱ्याबद्दल असं बोलू नये."

"नाही, म्हणजे खरंच धोंडा. हात लावून बघा ना."

साहेबांनी हात लावला नाही, जोडले. मग नोंदी काढल्या. देवांची एकही रजा नाही, एकाही पालकाची तक्रार नाही. तरी साहेब न्यायी होते. अशा वेळी फक्त सेवाज्येष्ठता बघतात, असं त्यांनी समजावलं. बाई रुजू झाल्या गेल्या श्रावणात. शिळादेवांच्या रकान्यात महाराजांनी भक्तिभावाने लिहिलं होतं, सृष्टीच्या आरंभी.

"म्हणजे कनिष्ठ तुम्ही," साहेब म्हणाले. "पण दरबार कुणाला वाऱ्यावर सोडत नाही हो. तुमचं समायोजन केलंय. नदीपलीकडे, रानमांजरांच्या शाळेत."

"तिथली जागा कशी रिकामी झाली?" बाईने विचारलं.

साहेबांनी कागद चाळला. "आधीच्या बाई कबूतर होत्या," ते म्हणाले. "पुढचं लिहिलेलं नाही."

तात्पर्य : मुलांनो, मोठेपणी शिक्षक व्हायचं असेल तर शिकण्यात वेळ घालवू नका. आधी रुजू व्हा.