फुली मारलेलं स्थळ

मानसिंगने सायबर कॅफेचे पडदे उतरवले आणि त्याच आठवड्यात शाहिस्ताला पडद्याची गरज पडली.

भोरच्या एसटी स्टँडसमोर त्याचा तो कॅफे. प्लायवूडचे तीन कप्पे, प्रत्येकात एक कॉम्प्युटर आणि दाराच्या जागी फुलाफुलांचा पडदा. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले आनंदराव तिथं एकदा रेल्वेचं वेळापत्रक बघायला बसले, तर मधेच आपोआप एक खिडकी उघडली. तीत पोहायच्या कपड्यातली एक बाई आनंदरावांकडे बघून डोळा मिचकावू लागली. आनंदरावांनी घाबरून फुली दाबली, तर तिच्या दोन बहिणी आल्या. नेमका तेव्हाच वाऱ्यानं पडदा उडाला आणि स्टँडवर लागलेल्या वेल्ह्याच्या गाडीतल्या लोकांनी खिडकीतून माना बाहेर काढल्या. आनंदराव तेव्हापासून बाजारात जायचे ते गल्लीबोळातून.

"आता काय बगायचं ते समद्यांच्या देखत बगा," म्हणत मानसिंगने पडदे काढून टाकले. त्यांतल्या एकाची त्याच्या बायकोनं उशीची खोळ शिवली.

शाहिस्ता भोरला लागूनच असलेल्या उत्रोलीच्या शाळेत गणित शिकवायची. तिला नसरापूरचं स्थळ आलं होतं. मुलगा एहसान मस्कतला फ्रिज-एसी दुरुस्तीच्या कामावर. फोटो दोन्हीकडे पसंत पडले होते, बोलणी मिटत आली होती. शाहिस्ताच्या मनात मात्र एकच प्रश्न अडकून बसला होता : लग्नानंतर शाळा सोडावी लागणार का? घरात विचारलं की तिचे अब्बा, म्हणजे टेम्पोवाले इब्राहीमभाई, म्हणायचे, "त्ये मागनं बगू." मागनं म्हणजे कधीच नाही, हे कळायला गणित यावं लागत नाही. त्यामुळे तिला एहसानलाच विचारायचं होतं, आणि कुणी ऐकत नसताना.

त्यासाठी तिच्या गुलफशा भाभीनं कॉम्प्युटरवरच्या गप्पांचा घाट घातला. शुक्रवारी एहसानला सुट्टी. नमाजनंतर तो तिकडच्या कॅफेत बसेल, शाहिस्तानं इकडून बोलावणं धाडायचं. तिकडं त्याच्यासमोर खिडकी उघडेल, त्यानं 'हो' दाबलं की बोलणं सुरू. एहसानची खाला, म्हणजे मावशी, अन्वरी भोरातच राहायची, तिनं ते ठरवून दिलं.

शुक्रवारी दोघी निघाल्या. भाभीच्या कडेवर दात येत असलेलं बाळ, आणि मागोमाग अब्बा.

"तुम्ही कशाला, अब्बा?"

"म्या बाहीर हुबा ऱ्हातो की."

बाहेर आणि आत यांत आता पडदाच नव्हता. अब्बा बाहेर उभे राहिले ते शाहिस्ताच्या खुर्चीच्या पाठीला हात टेकून.

मानसिंगने तिचं खातं उघडून दिलं. शाहिस्ता नावाची आधीच कुणी तरी होती, म्हणून कॉम्प्युटरनंच एक नाव सुचवलं. मानसिंगने ते लगेच घेतलं.

"स्वीट शाहिस्ता? हे काय, मानसिंगभाऊ?"

"चांगलं हाय की. गोड."

बोलावणं गेलं, आणि त्याच क्षणी इकडं एक खिडकी उघडली. नाचणारं माकड. त्यावर दुसरी : तुम्ही मोटार जिंकलात. त्यावर तिसरी, आनंदरावांच्या ओळखीची. अब्बांनी तोंड फिरवलं आणि ते समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर मन लावून वाचू लागले.

"ह्यो बंदोबस्त न्हाई का करता येत?" त्यांनी कॅलेंडरला विचारलं.

"केलता चाचा," मानसिंग म्हणाला. "खिडक्या अडवणारं टाकलं व्हतं. त्यानं बारावीचा निकालबी अडवला. पोरं मारायला उठली, मग काडलं."

भाभीनं बाळाच्या अंगाभोवतीचं दुपटं सोडलं आणि सरळ कॉम्प्युटरवर टाकलं. हत्तीच्या चित्रांचं, एका कोपऱ्याला दुधाचा डाग असलेलं. मग एक टोक हळूच उचलून ती आत डोकवायची, फुली कुठंय ते सांगायची, आणि शाहिस्ता न बघता उंदीर सरकवायची. खिडक्या आत कितीही उघडोत, बाहेर हत्तीच. रांगेतल्या पोरांचा फार विरस झाला.

"आलं काय तरी," भाभी टोकाखालून म्हणाली.

"काय आलं?"

"न्हाई म्हणतोय."

शाहिस्तानं पुन्हा बोलावणं धाडलं. पुन्हा नकार. तिसऱ्यांदाही तेच. दुपट्याखालच्या हिरव्या उजेडात ते अक्षर चांगलं ठळक दिसत होतं.

आता आपल्याकडं नकार असा देतात का? आपल्याकडं 'कळवतो' म्हणतात आणि वर्षभर कळवत नाहीत. मुलगी समजते, आईबाप समजतात, कुणाच्या तोंडावर काही आपटत नाही. इथं स्टँडसमोर, भरल्या कॅफेत, एक पोरगं शाहिस्ताला सरळ 'नाही' म्हणत होतं, आणि परत परत.

अब्बांचा चेहरा कॅलेंडरमागच्या भिंतीसारखा कोरा झाला. "उठ," ते म्हणाले. "खालाला इचारून येऊ, पोरीत काय खोट काडली ते."

"अब्बा, जाऊ द्या ना."

"जाऊ कसं दिऊ? पोर हाय माझी."

असं ते कधी बोलत नसत. शाहिस्ताला रडू आलं, पण स्टँड ओलांडेपर्यंत तिनं ते दाबून धरलं.

अन्वरी खालाच्या घरी पोचले, तर तिथं शेजारच्या धोंडाबाई आधीच पदर खोचून बसलेल्या. बातमी या सगळ्यांच्या आधी पोचली होती.

"माजा भाचा न्हाई म्हनाला?" खाला म्हणाली. "इब्राहीमभाई, ते पोर जेवताना सुदीक पुरं म्हनत न्हाई. वाडत ऱ्हायलं तर खात ऱ्हातंय. कायतरी बिनसलंय."

एवढ्यात फोन वाजला. मस्कतहून एहसानच होता, आणि चांगला वैतागलेला. खालानं रिसीव्हर कानापासून लांब धरला, म्हणजे तो सगळ्यांना ऐकू जाईल.

"खाला, मी तासभर बसलो. त्या आल्याच न्हाईत. पसंत नसंल तर सांगायचं ना सरळ."

"आली व्हती रे. तू न्हाई म्हनलास."

"मी? इथं निस्त्या वंगाळ बाया येत हुत्या. तुमच्याशी बोलायचंय, बोला म्हणत्यात. आमच्या खोलीतल्या पोरांनी बजावलंय, हो म्हणायचं न्हाई, नाव-पत्ता-पासपोर्ट समदं काढून घेत्यात. एक तर लई चिवट. स्वीट का कोण. परत परत आली, मी परत परत फुली मारली."

"आरं, स्वीटच्या फुडचं नाव बगितलंस का?"

"नजर खाली ठिवली हुती, खाला."

मग अब्बांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

"नजर खाली ठिवतो," ते धोंडाबाईंना म्हणाले, जणू ते संस्कार त्यांनीच केले होते. "आजकाल सापडत न्हाई आसं पोर."

खालानं रिसीव्हर शाहिस्ताच्या हातात दिला. फोनची वायर हातभर, आणि त्या हातभरात अब्बा, धोंडाबाई, खाला आणि दारातून आत आलेली दोन-तीन माणसं. सगळे गप्प होऊन तिच्या तोंडाकडे बघू लागले. इथं दुपटं कशावर टाकणार?

गुलफशानं नणंदेकडे एकदा बघितलं आणि बाळाच्या मुठीतलं बिस्किट काढून घेतलं.

बाळानं क्षणभर आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं आणि मग असा गळा काढला की परड्यातल्या कोंबड्या भिंतीवर चढल्या. "आगं बघ, दात आलाय वाटतं," "मुंगी चावली का," "दृष्ट काडा त्याची," असं म्हणत सगळे तिकडं वळले. अब्बा नातवापुढे किल्ल्या वाजवू लागले. शाहिस्तानं भिंतीकडे तोंड केलं, एका दमात विचारलं, ऐकलं आणि रिसीव्हर ठेवला. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. भाभीनं बिस्किट परत दिलं.

"काय म्हनला?" अब्बांनी विचारलं.

"हो म्हणाले," शाहिस्ता म्हणाली. कशाला, ते कुणी विचारलं नाही. लग्नाला म्हणाला असणार, असं धरून धोंडाबाईंनी साखर आणायला माणूस धाडला.

संध्याकाळी एहसानचा पुन्हा फोन आला. खाला एकटीच होती.

"खाला, त्या काय विचारत हुत्या? पोर लई वरडत हुतं, मला अक्षर कळलं न्हाई."

"आन तू व्हय म्हनलास?"

"दुपारपास्नं न्हाई न्हाईच म्हणत आलोय त्यांना. एकदा तरी व्हय म्हणायला नको?"

दुपारी खाला फोनपाशी सगळ्यांत जवळ होती. तिनं शब्दन्‌शब्द ऐकला होता. "उत्रोलीची शाळा न्हाई सोडायची म्हनती," ती म्हणाली. "लगीन झाल्यावरबी."

तिकडं नुसती खरखर.

"एहसान? हाईस का?"

"हाय की," तो म्हणाला. "नसरापूरवरनं भोरला सकाळची गाडी कितीची हाय, तेवडं इचारून ठिवा."